बोटांचा भाव

देवानं माणसाला दहा बोटं दिली, त्या अर्थी त्यांतली दोन-तीन जादा असणार, असा आमच्या भागातल्या पुष्कळ लोकांचा समज आहे. भोसरी, तळवडे, चाकण ह्या पट्ट्यात हयात घालवलेला माणूस भेटला, की तो हात जोडून नमस्कार करतो आणि आपण नकळत मोजायला लागतो. साडेआठ भरली, तर माणूस अनुभवी. दहाच्या दहा भरली, तर तो हिशेबखात्यात असावा असं समजायचं.

मी हिशेबखात्यात नव्हतो. तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आणि निवृत्तीनंतर देहूत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाचा संसार थाटला. पाट, चौरंग, एखादा देव्हारा, भजनी मंडळाला टाळ ठेवायची पेटी, असला माझा माल. त्यासाठी नुकतंच मी लाकूड कापायचं नवं टेबल-मशीन घेतलं. ब्लेडवर गार्ड असलेलं, मागं पोलादी पाती असलेलं, लाल बटणावर नुसता तळवा आपटला तरी बंद होणारं. तेव्हापासून गावात माझ्याकडं लोक जरा कीव आल्यासारखं बघतात. म्हातारपणी हात कापायला लागला असणार, असा त्यांचा अंदाज आहे. हात कापू नये म्हणून मशीन घेतलं, हे कुणाला पटत नाही.

आधी माझ्याकडं काय होतं, ते सांगतो. गावोगावचे निम्मे सुतार वापरतात तेच. फरशी कापायचा चार इंची कटर घ्यायचा, त्याचं कव्हर काढून टाकायचं, त्याला लाकडाचं ब्लेड लावायचं आणि प्लायवूडला फट पाडून खालून उलटा टांगायचा. झालं टेबल-मशीन! हा कटर मिनिटाला बारा हजार फेरे घेतो. हिशेब करा : ब्लेडच्या दाताचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो. एक्स्प्रेस-वेवर मोटार शंभरच्या वर गेली तर चलन घरी येतं. इथं अडीचशेच्या वेगानं दात फिरतायत आणि दोन इंचांवर आपण बिनधास्त बोट धरून उभे!

आता सल्लागार मंडळींकडं वळू. पहिला सल्ला आमच्या मेव्हण्यांचा : ‘‘भावजी, मन लावून काम केलं तर काही होत नाही.’’ आमचे मेव्हणे आयुष्यात एकही काम मन लावून करताना दिसलेले नाहीत, पण तो मुद्दा सोडा. माणसाला काही जाणवून हात मागं घ्यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात त्या कटरचे चाळीस फेरे होतात. म्हणजे मन कितीही लावलं, तरी ते चाळीस फेरे उशिरा पोचतं. शिवाय मन लावायचं म्हणजे किती वेळ? सुतार आठ तास उभा असतो. मध्येच मालकीणबाई विचारतात, ‘‘चहात साखर किती?’’ मोबाइल वाजतो. फळीत जुना खिळा निघतो. आमच्या घरी कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. म्हणून आमच्या सौ.ला स्वयंपाकात मन लावता येत नाही, असं म्हणून बघा. मी म्हणणार नाही. मला जेवायचं आहे.

दुसरा सल्ला कारागिरांचा. ‘‘गार्ड मध्ये येतो, रेघ दिसत नाही.’’ अहो, टेबल-मशीनवर फळी रेघेवर चालत नाही, बाजूच्या पट्टीला टेकून चालते. पट्टी मोजून बसवली, की रेघेचं काम संपलं. खाच मारताना गार्ड काढावा लागतो, हे कबूल. पण ब्लेडमागची पाती ब्लेडच्या उंचीपेक्षा वर येत नसेल, तर ती तेव्हाही ठेवता येते. आणि खरी राखण तीच करते. कापलेली फळी मागं मिटायला बघते, ब्लेडला चिमटीत धरते. ब्लेडचे मागचे दात खालून वर येत असतात, ते फळी उचलतात आणि कापणाऱ्याच्या पोटावर फेकतात. फळीबरोबर हातही ओढला जातो. हे सगळं ‘अरे’ म्हणायच्या आत. ती पाती फट मिटू देत नाही, एवढंच तिचं काम. मध्यस्थासारखी उभी असते, फरक इतकाच की पैसे मागत नाही.

तिसरा सल्ला स्विचबद्दल : ‘‘साधा स्विच काय वाईट?’’ आमच्याकडं गुरुवार हा दत्ताचा आणि लाइट जाण्याचा वार. लाइट जाते, माणूस ब्लेडवरचा भुसा झटकायला हात घालतो, आणि नेमकी लाइट येते. नव्या स्विचला लाइट आली तरी पुन्हा बटण दाबावं लागतं. दत्तगुरूंवर माझी श्रद्धा आहे, पण भुसा मलाच झटकायचा आहे.

चौथा सल्ला सौ.चा, आणि तो पैशाचा होता. ‘‘एवढ्या पैशात तयार फर्निचर आलं असतं.’’ ह्या मुद्द्याला सरकारी उत्तर आहे. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा भाव लिहिला. अंगठा गेला, तर कमावण्याची ताकद ३० टक्के कमी. तर्जनी अख्खी, १४. मधलं बोट, १२. अनामिका किंवा करंगळी, प्रत्येकी ७. तर्जनीचं हाड न जाता नुसता शेंडा उडाला, तर ५. मंडईत मेथीच्या जुडीचा भाव ठरावा, तसा हा तक्ता आहे. आमच्या आळीतल्या पखवाजवाल्या बुवांना मी तो वाचून दाखवला. बुवा बराच वेळ आपल्या करंगळीकडं बघत बसले. मग म्हणाले, ‘‘सातच टक्के? मग हिच्याशिवाय ठेका धरून दाखव म्हणावं.’’

आणि हा भावसुद्धा हजेरीपटावरच्या कामगाराला. उलट्या कटरवर घरोघर फर्निचर करणाऱ्या पोराचं नाव कुठल्या हजेरीपटावर नसतं. १९४८ च्या कारखाने कायद्यानं यंत्राला कुंपण घाला म्हणून बजावलं, पण तुमच्या हॉलला तो कायदा कारखाना मानत नव्हता.

आता ह्याच्या पलीकडचं यंत्र जगात आहे, तेही ऐका. अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाचा एक गृहस्थ, शिक्षणानं भौतिकशास्त्रज्ञ आणि धंद्यानं पेटंटचा वकील. त्यानं १९९९ च्या सुमारास ब्लेडमध्ये बारीकसा विद्युत्-संदेश सोडला. लाकूड लागलं तर ब्लेड फिरतं, ओलसर माणूस लागला तर संदेश बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसतो. पाच मिलिसेकंदांत ब्लेड थांबून टेबलाखाली जातं. ब्लेड आणि ठोकळा दोन्ही बाद, बोटाला ओरखडा. आधी त्यानं हे सॉसेज लावून दाखवलं, पुढं स्वतःचं बोट लावून. मोठमोठ्या कंपन्यांनी बघितलं, माना डोलावल्या आणि घेतलं नाही. शेवटी त्यानं स्वतःच कंपनी काढली आणि २००४ साली मशीन विकायला आणलं. त्या देशात दरवर्षी तीस हजारांवर माणसं टेबल-मशीनच्या जखमा घेऊन दवाखान्यात जात होती. २०१० साली बॉस्टनच्या ज्यूरीनं दुसऱ्या एका कंपनीच्या मशीनवर जखमी झालेल्या माणसाला पंधरा लाख डॉलर देवविले, तेव्हा कंपन्यांना कळलं की बोटालाही किंमत असते. माझं मशीन तसलं नाही. तेवढी माझी ऐपत नाही. पण गार्ड, पाती, स्विच आणि एक ढकलकाठी ह्यांना ऐपत कसली लागते? ढकलकाठी तर भंगार प्लायची होते!

नाही, खरी अडचण ऐपतीची नाही, अभिमानाची आहे. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. त्यांतलं एक बटण दाबून बांधून टाकतात, कारण दिवसाचे नग वाढतात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून मोटारधंद्यातल्या असल्या जखमांचे अहवाल काढते. त्यांत प्रेसवर गेलेल्या बोटांची रांग लागलेली आहे. बटण बांधायला सांगणारा मात्र रांगेत नसतो. तो ऑफिसात ‘सुरक्षा प्रथम’ ह्या पाटीखाली बसतो, आणि बोट गेलं की म्हणतो, ‘‘पोराचं लक्ष नव्हतं.’’ मेव्हण्यांच्या ‘मन लावून’चा खरा अर्थ हा आहे. यंत्र निर्दोष, नग निर्दोष, मालक निर्दोष. दोष फक्त बोटाचा, आणि ते साक्ष द्यायला जागेवर नाही.

ह्या बाबतीत आपण सगळे एका माळेचे मणी. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटची सक्ती झाली, तर शहाण्यासुरत्या माणसांनी डोकं वाचवण्याविरुद्ध मोर्चा काढला. खंडेनवमीला आपण यंत्राला हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. तो हार अडकवायला जागा लागते म्हणून गार्ड काढलेला बरा पडतो!

तेव्हा मंडळी, मशीन घेणं तुमच्या नशिबी नसेल, पण घरात फर्निचर काढणं कधी तरी आहेच. त्या वेळी सनमायक्याच्या चाळीस शेड बघता, बिजागरी दहा वेळा उघडझाप करून बघता. त्यातच एकदा खाली वाकून कटरही बघा. गार्ड नसेल तर काम थांबवा आणि बसवायचे पैसे तुम्ही द्या. सुतार हसेल, ‘‘साहेब, सवय आहे,’’ म्हणेल. हसू द्या. काम दोन दिवस लांबेल. लांबू द्या. वास्तुशांतीला त्याला पंगतीला बोलवाल, तेव्हा निदान वरणभात त्याला पाचही बोटांनी कालवता आला पाहिजे.