नौकेवरील यंत्र आणि उद्याचे कुलूप

वेंगुर्ले बंदरातून खोल समुद्रात जाणाऱ्या तांडेलाला वादळाचा इशारा वेळेवर मिळणे किती मोलाचे असते, हे नोव्हेंबर २००९ मधील 'फयान' वादळाने कोकण किनाऱ्याला शिकवले. किनाऱ्यापासून दूर गेलेल्या नौकेपर्यंत मोबाइलचा संदेश पोहोचत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी 'इस्रो'ने विकसित केलेले उपग्रहाधारित ट्रान्सपॉन्डर देशातील एक लाख मासेमारी नौकांवर बसविण्याच्या योजनेस ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते प्रारंभ झाला. सुमारे ३६४ कोटी रुपयांच्या या योजनेत १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश असून यंत्र मच्छीमारांना विनामूल्य देण्याचे धोरण आहे. नौकेला इशारे मिळावेत आणि संकटात तिचा संदेश किनाऱ्यावर पोहोचावा, असा हा दुहेरी संपर्क आहे.

योजना स्वागतार्हच आहे. मात्र ज्या यंत्रावर खलाशांचे प्राण विसंबून राहणार, त्याच्या नावाने कोणी खोटा संदेश धाडू शकणार नाही, याची हमी दीर्घकाळ टिकणारी हवी. आज जगभर अशी हमी प्रामुख्याने 'आरएसए' व तत्सम डिजिटल स्वाक्षरीच्या पद्धती देतात. त्यांची भिस्त साध्या संगणकाला न सुटणाऱ्या गणितांवर आहे. पुरेसा समर्थ क्वांटम संगणक ही गणिते सोडवू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले. तसा संगणक अद्याप अस्तित्वात नाही. तरीही अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी क्वांटमरोधी पद्धतींची पहिली तीन मानके जाहीर केली. जुन्या पद्धती २०३५ नंतर पूर्णतः बंद कराव्यात, असे तिच्या त्याच वर्षीच्या मसुद्यात सुचविले आहे.

बँकेचा संगणक किंवा हातातला फोन यांतील सुरक्षा रातोरात बदलता येते. खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे राहणाऱ्या, हवाबंद यंत्राचे तसे नाही. त्याची किल्ली चिपमध्येच कोरलेली असू शकते. येथे धोक्याचे स्वरूपही वेगळे आहे. आज चोरलेली माहिती उद्या उलगडली जाईल, ही चिंता लष्कराला आणि बँकांना अधिक. नौका काल कोठे होती, हे दहा वर्षांनी कळल्याने फारसे बिघडत नाही. परंतु केंद्राची स्वाक्षरी बनावट करता आली, तर यंत्रात खोटी आज्ञावली घुसविता येईल आणि एकाच वेळी हजारो नौकांवर चुकीचा इशारा झळकेल. परप्रांतीय हायस्पीड ट्रॉलरच्या घुसखोरीने त्रस्त असलेल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर नौकेच्या स्थानाची नोंद उद्या पुरावा ठरू शकते. ती नोंदच संशयास्पद झाली, तर तक्रार करणारा पारंपरिक मच्छीमारच उघडा पडेल.

यावर उपाय नाही असे नाही. क्वांटमरोधी पद्धत अंतर्भूत असलेल्या सुरक्षा चिपला जर्मनीच्या 'इन्फिनिऑन' कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये उच्च दर्जाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविले. अडचण आहे ती आकाराची. प्रचलित पद्धतींपैकी काहींची स्वाक्षरी ६४ बाइटची असते, तर नव्या मानकातील एक स्वाक्षरी २,४२० बाइटची. उपग्रहाच्या अरुंद मार्गावर प्रत्येक लहान संदेशासोबत एवढे ओझे पाठविणे परवडणारे नाही. म्हणून रोजच्या संदेशांना सामायिक गुप्त किल्लीचे संरक्षण आणि क्वचित होणाऱ्या आज्ञावलीतील बदलांना नवी स्वाक्षरी, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. सामायिक किल्ली पुरेशी लांब असल्यास तिला क्वांटम संगणकाचा तेवढा धोका नाही.

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस मंजुरी दिली. मात्र या विद्येचा लाभ किनाऱ्यावर पोहोचायचा, तर तो खरेदीच्या अटींतूनच पोहोचेल. यंत्राचे आयुष्य किती, त्यातील किल्ली बदलता येते काय आणि बदलाचा खर्च कोणाचा, हे तीन प्रश्न प्रत्येक निविदेत विचारले गेले पाहिजेत. ते आज टाळले, तर पुढे एकेक नौका बंदरात ओढून यंत्रे बदलावी लागतील. आणि त्या काळात बुडणारी मासेमारी कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली नसेल.