आधी मैदान द्या, मग स्टेडियमच्या गप्पा मारा!

मुंबईचे नवे स्टेडियम मुंबईत होणार नाही! एक लाख प्रेक्षक बसतील अशा त्या राजवाड्यासाठी मुंबई क्रिकेट असोसिएशनने जागा हेरली ती भिवंडीच्या पलीकडे, ठाणे जिल्ह्यातल्या आमण्याला. जुलै २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या मुंबईकर खेळाडूंचा विधान भवनात सत्कार झाला. त्या टाळ्यांच्या गजरात देवेंद्र फडणवीस यांनी वानखेडेहून मोठ्या स्टेडियमची गरज बोलून दाखवली. त्याच सुमारास एमसीएने आमण्याच्या सुमारे ५० एकरांवर डोळा ठेवला. मे २०२५ मध्ये वानखेडेवर रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांच्या नावांच्या स्टँडचे उद्घाटन झाले, तेव्हा मुख्यमंत्री झालेल्या फडणवीसांनी जमिनीचा शब्द दिला. २०३० साली एमसीएला शंभर वर्षे होतील. शंभरी साजरी करायची तर लाख खुर्च्या हव्यातच, नाही का?

आमचा सवाल साधा आहे. ही जागा कोणाला विचारून हेरली? सामना बघणाऱ्याला विचारले? खेळणाऱ्या पोराला विचारले? की जमीन मोकळी दिसली, शेजारून महामार्ग जातो, म्हणून नकाशावर बोट ठेवले? आमण्याची थोरवी एवढीच, की नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग तिथे येऊन थांबतो. त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा तुकडा जून २०२५ मध्ये खुला झाला. म्हणजे जागा रस्त्याने निवडली, गाडीवाल्यांसाठी निवडली. आमच्या वाकोल्यातला माणूस आज सांताक्रूझला लोकल पकडतो, चर्चगेटला उतरतो आणि चालत वानखेडेवर पोचतो. उद्या त्याने दादरला गाडी बदलायची, कल्याण गाठायचे आणि तिथून पुढे मिळेल त्या वाहनाला हात दाखवायचा. रात्री साडेअकराला सामना संपला की परत कसे यायचे, हे त्याचे त्याने बघायचे! स्टेडियमच्या पाटीवर मात्र नाव ‘मुंबई’!

शहरातून उठून महामार्गाच्या कडेला जाऊन बसण्याचा हा रोग महाराष्ट्राला नवा नाही. नागपूरचे सिव्हिल लाइन्समधले मैदान शहराच्या मध्यात होते. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने ते सोडून वर्धा रोडवर जामठ्याला नवे स्टेडियम बांधले. २००८ मध्ये तिथली पहिलीच कसोटी ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाली. सौरव गांगुलीचा तो अखेरचा कसोटी सामना, आणि त्याला निरोप दिला तो बहुतांशी रिकाम्या खुर्च्यांनी! पुण्याचे स्टेडियम गेले द्रुतगती मार्गाच्या कडेला, गहुंज्याला. २०१२ मध्ये ते उघडले ते सहारा समूहाच्या प्रमुखाचे नाव मिरवत. पुढच्याच वर्षी ते नाव उतरले, ज्या पुणे वॉरियर्सचे ते घर होते तो संघही संपला. तिथे सामना असला की पुणेकराला क्रिकेटआधी पार्किंगची चिंता लागते. जामठा झाले, गहुंजे झाले, आता आमणे! दोनदा ठेच लागूनही त्याच दगडाकडे धावत सुटणाऱ्याला दूरदर्शी म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा. आम्ही म्हणणार नाही.

मुंबईच्या स्टेडियमांचा इतिहास तरी कुठे प्रेक्षकांच्या सोयीचा आहे? बॅकबेच्या भरावावर १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उघडले. मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. पुढे सामन्यांच्या खुर्च्या कोणाला किती, यावरून क्लब आणि तेव्हाची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात जुंपली. तोडगा काय निघाला? शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभे केले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे क्लाइव्ह लॉइडच्या वेस्ट इंडीजशी कसोटीही खेळवली. एका किलोमीटरच्या आत दोन स्टेडियमे, कारण पासांचे भांडण मिटेना! नशीब एवढेच, की ते भांडण चर्चगेट स्टेशनाच्या दारात झाले आणि लोकलने येणाऱ्या रसिकाचे भले झाले. कारभाऱ्यांनी ते योजले नव्हते, आपसूक घडले. आता मात्र तेही नशीब फिरवायला निघाले आहेत.

आणि क्रिकेटचे हे हाल, तर बाकीच्या खेळांची काय कथा? बेसबॉलच घ्या. ‘मुंबई कोब्राज’ नावाचा एक व्यावसायिक बेसबॉल संघ आहे, हे वाकोल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? ‘बेसबॉल युनायटेड’ या लीगमध्ये तो कराचीच्या संघाशी भिडतो. खेळतो कुठे? दुबईत! नाव मुंबईचे, मैदान दुबईचे! या संघाच्या मालकांना आम्ही दोष देत नाही. ते व्यापारी आहेत, जिथे मैदान मिळाले तिथे गेले. दोष आहे तो या शहराच्या कारभाऱ्यांचा. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत, महाराष्ट्राची मुले-मुली ते जिद्दीने खेळतात. पण मुंबईच्या उपनगरातल्या पोराला बेसबॉलचा चेंडू मनसोक्त टोलवायचा असेल तर समोर सव्वाशे मीटर मोकळी जागा लागते. ती दाखवा! वाकोल्यात सव्वाशे मीटर सरळ मोकळे दिसते ते फक्त वर, विमान उतरते तिथे.

बेसबॉलची मायभूमी अमेरिका. जागा निवडताना माणसे विसरली की काय होते, याचे धडे तिथे ढिगाने आहेत. ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाच्या मालकाला रेल्वे स्थानकाला लागून नवे स्टेडियम हवे होते. न्यूयॉर्कचा सर्वाधिकारी रॉबर्ट मोझेस म्हणाला, तिथे नाही, दूर क्वीन्समधल्या उद्यानाच्या जागेवर बांधा. संघ १९५७ चा हंगाम संपवून थेट लॉस एंजेलिसला निघून गेला. ब्रुकलिनची ती जखम अजून भरली नाही. आणि लॉस एंजेलिसमध्ये जागा कोणती मिळाली? शावेझ रविन! सरकारी घरे बांधतो असे सांगून तिथल्या मेक्सिकन वंशाच्या गोरगरिबांना उठवले, मग घरांची योजना गुंडाळली, उरलेल्या कुटुंबांना १९५९ मध्ये पोलिसांनी अक्षरशः उचलून बाहेर काढले आणि १९६२ मध्ये त्या टेकडीवर स्टेडियम उघडले. भोवती मैलोगणती वाहनतळ! परवा ओकलंडचेही तेच झाले. २०२४ च्या सप्टेंबरात तिथल्या अ‍ॅथलेटिक्स संघाने घरचा शेवटचा सामना खेळला, कारण लास वेगासच्या स्टेडियमसाठी नेवाडा राज्याने ३८ कोटी डॉलरपर्यंतची सार्वजनिक मदत देऊ केली होती. प्रेक्षक रडले, फलक घेऊन उभे राहिले, मालक ढिम्म! स्टेडियम हा खेळाचा प्रश्न असतो असे समजणारे भाबडे आहेत. तो जमिनीचा प्रश्न असतो, आणि जमिनीच्या प्रश्नात गरिबाला पहिले उठवतात.

आता वाकोल्याकडे या. दत्त मंदिर रोड, गावदेवी, धोबी घाट, पाइपलाइनच्या कडेच्या वस्त्या. इथली पोरे ‘एक टप्पा आउट’ खेळतात. तो नियम त्यांनी हौसेने केलेला नाही, जागेने लादला आहे. सरळ फटका मारला तर काच फुटते, उंच मारला तर चेंडू गच्चीत जातो आणि मारणाराच बाद! ज्यांच्या खिशात पैसे आहेत ते टर्फ भाड्याने घेतात, तासाला हजाराच्या वर मोजतात. ज्यांच्याकडे नाहीत ते पार्क केलेल्या रिक्षांच्या मधून धावतात. नाल्यापलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएच्या भूखंडावर एमसीएची अकादमी आहे, क्लब आहे, हिरवेगार मैदान आहे. वाकोल्याच्या पोराला ते दिसते. आत जायचे झाले तर आधी वॉचमन दिसतो.

खेळाडू स्टेडियममध्ये घडत नाहीत, मैदानात घडतात. याचा दाखला आमच्याच वस्तीत आहे. पृथ्वी शॉ विरारचा. कोवळ्या वयात पहाटे उठून, लोकलची गर्दी खात तो मैदानावर यायचा. तो प्रवास वाचावा म्हणून इथल्या लोकप्रतिनिधीने त्याला वाकोल्यात घर मिळवून दिले. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत त्याने ५४६ धावा कुटल्या, त्या कुठल्या स्टेडियमात नव्हे, आझाद मैदानावर! सचिन आणि विनोद कांबळीची ६६४ धावांची भागीदारी १९८८ मध्ये झाली, तीही आझाद मैदानावरच. तिथे तिकीट नव्हते, स्टँड नव्हता, कॉर्पोरेट बॉक्स नव्हता. मोकळी जमीन होती, एवढेच! आणि मोकळ्या जमिनीचा मान हे सरकार कसा राखते? जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने एका डावात नाबाद १००९ धावा करून जगाला तोंडात बोट घालायला लावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात केंद्रीय मंत्र्याच्या हेलिकॉप्टरसाठी कल्याणचे सुभाष मैदान अडवले गेले. या मुलाने हरकत घेतली, तर पोलिसांनी त्यालाच ठाण्यात नेले! हजार धावा करणाऱ्याची ही गत, तर शून्यावर बाद होणाऱ्या आमच्या पोरांना कोण विचारतो?

हा माज जुना आहे. १८८० च्या दशकात बॉम्बे जिमखान्याचे गोरे साहेब एस्प्लनेडवर पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी देशी पोरांची क्रिकेटची जमीन उखडून टाकत. पारशांनी आणि हिंदूंनी अर्ज केले, भांडण मांडले, वर्षानुवर्षे लावून धरले. पुढे समुद्रकाठी पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखाने उभे राहिले. साहेब गेले, घोडे गेले. टापांचा आवाज मात्र अजून येतो आहे. फरक इतकाच, की आता आमच्याच माणसांनी रिकिबीत पाय अडकवले आहेत!

कोणी म्हणेल, अहमदाबादकडे १ लाख ३२ हजारांचे स्टेडियम आहे, २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथे गेला, मग मुंबईने मागे का राहावे? मुंबईची थोरवी खुर्च्या मोजून ठरत असती तर वानखेडेच्या सुमारे ३३ हजार खुर्च्यांतून ती कधीच सिद्ध झाली नसती. २०११ चा विश्वचषक भारताने तिथेच उचलला. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम आहेच. २०२५ च्या नोव्हेंबरात हरमनप्रीतच्या मुलींनी विश्वचषक तिथे जिंकला, आणि लोक रेल्वेने जाऊन बघून आले. तीन स्टेडियमे असलेल्या महानगराला चौथे हवे, पण माणशी मोकळी जागा किती? सव्वा चौरस मीटरच्या आसपास! राष्ट्रीय मानक सांगते किमान दहा. आमण्याच्या ५० एकरांत पूर्ण आकाराची दहा क्रिकेट मैदाने बसतात. एका वास्तूसाठी तेवढी जमीन मिळते आणि वाकोल्याला चार एकर मागितले तर तिजोरीत जमीन नाही!

जमीन नाही, हे धादांत खोटे आहे. विमानतळाच्या वाटेत येतो म्हणून या भागात इमारतींच्या उंचीवर बंधन आहे, जुन्या इमारतींचा पुनर्विकास त्यापायी अडतो. ठीक, मैदानाला उंची लागत नाही! एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली आणि कालिन्याच्या कॉलनीतून कर्मचाऱ्यांना घरे सोडावी लागली. त्या विस्तीर्ण जमिनीवर काय उभे राहणार, हे ठरवताना एका तरी खेळाच्या मैदानाचे आरक्षण त्यात टाका. विद्यापीठाचे कालिना संकुल दोनशे एकरांहून मोठे आहे. तिथली मैदाने सकाळ-संध्याकाळ शेजारच्या पालिका शाळांना ठरावीक वेळी उघडी करा. आणि २६ जुलै २००५ विसरू नका. सांताक्रूझ वेधशाळेत त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, वाकोला नाला आणि मिठीने कालिन्याला गिळले. पाणी मुरायला मोकळी माती लागते. मैदान ही आमच्यासाठी चैन नाही, संरक्षणाची भिंत आहे.

आणि वाकोलेकरांनो, तुम्हीही कान उघडे ठेवून ऐका. जे इवलेसे मोकळे तुकडे उरले त्यांवर मंडप कोणी घातले? लग्नाचे हॉल समजून ते कोणी वापरले? रात्री गाड्या कोणी लावल्या? आरक्षित भूखंड दत्तक देण्याच्या धोरणातून मैदानांना फाटके लागली, आत क्लब आले, तेव्हा तुमच्यापैकी किती जणांनी सदस्यत्वाचे अर्ज भरले आणि किती जणांनी निषेधाचे? २०१६ मध्ये गदारोळ झाला म्हणून त्या धोरणाला स्थगिती द्यावी लागली. ओरडल्यावर सरकार ऐकते, हे त्या वेळी दिसले. मग आता तोंडे का शिवली आहेत?

आमची मागणी स्पष्ट आहे. आमण्याचा हट्ट सोडा. स्टेडियम बांधायचेच असेल तर ते रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी बांधा, नाहीतर बांधूच नका. जागेचे निकष, खर्च आणि कोणाला काय मिळणार याचा हिशेब कागदावर मांडून लोकांपुढे ठेवा. आणि त्या स्टेडियमची पहिली वीट बसण्याआधी वाकोल्याच्या एच पूर्व विभागात क्रिकेट, फुटबॉल, बेसबॉल सगळे खेळता येईल असे एक पुरते मैदान द्या. फाटक नसलेले, शुल्क नसलेले, कोणाच्या नावाची पाटी नसलेले. ते देता येत नसेल, तर शंभरीच्या सोहळ्यात मुंबईच्या क्रिकेटचे गोडवे गाण्याचा तुम्हाला अधिकार नाही. मते मागायला वाकोल्यात याल, तेव्हा आम्ही एकच विचारू : मैदान कुठे आहे? बोट दाखवता आले तर बोला. नाही तर आल्या पावली परत फिरा!