दवाखान्यात न विचारला जाणारा प्रश्न

रमजानचा चाँद दिसायच्या आधीच मोहल्ल्यात तयारी सुरू होते. दुकानांत खजुराच्या पेट्या येतात, मशिदीत तरावीहसाठी हाफिजची सोय होते, घरोघरी सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक भिंतीवर लागते. एक तयारी मात्र बहुतेक घरांत राहून जाते. घरातल्या मधुमेही माणसाची गोळी त्या वेळापत्रकात कुठे बसवायची, हे कोणी ठरवत नाही.

साठी ओलांडलेल्या अम्मी, दहा-बारा वर्षांची शुगर, रोज सकाळी एक गोळी. असे घर शोधायला फार लांब जावे लागत नाही. डॉक्टर कागदावरून नजर न उचलता सांगतात, ‘रोजे बंद.’ अम्मी मान हलवतात, घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी सहेरीला सर्वांबरोबर उठतात. सकाळची गोळी तशीच घेतात, कारण ती कमी करायची की वेळ बदलायची, हे विचारायला गेले तर रोजा धरल्याचे कळेल. असरच्या नमाजनंतर हात थरथरतो, अंगाला घाम सुटतो. ‘आता थोडाच वेळ राहिलाय, इफ्तारला सोडते,’ म्हणून त्या पडून राहतात. मुलाला हे दिसत असते, सुनेला कळत असते. पण डॉक्टरांकडे जायचे ते आता ईदनंतरच.

डॉक्टरांनी सांगितले ते वैद्यकीयदृष्ट्या कदाचित बरोबरही असेल, पण त्या दोन शब्दांत संवाद संपला. लहानपणापासून रोजे धरणाऱ्या बाईला, नातवंडेसुद्धा रोज्याने असताना आपण दुपारी ताटावर बसायचे, ही कल्पनाच सहन होत नाही. तिच्यासाठी तो सवयीचा नाही, ईमानचा आणि घरातल्या स्वतःच्या जागेचा प्रश्न असतो. तो ओळखला नाही की सल्ला दवाखान्यातच राहतो.

२००१ साली भारतासह १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांचा मोठा अभ्यास झाला. त्यात टाइप-२ मधुमेहाच्या जवळपास ७९ टक्के रुग्णांनी रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजे धरले होते. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रसंग या महिन्यात इतर महिन्यांच्या कित्येक पटींनी वाढले होते. म्हणजे रुग्ण रोजे धरणार, हे गृहीत धरूनच उपचार आखायला हवेत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाची तपासणी करावी, धोका किती आहे ते ठरवावे आणि त्याप्रमाणे औषधांची आखणी करावी, असे त्यात सांगितले आहे.

ही आखणी अवघड नसते. दिवसातून एकदा घ्यायची गोळी अनेकदा इफ्तारकडे हलवता येते, सहेरीचा डोस कमी करता येतो. काही औषधे साखर एकदम खाली नेतात, ती बदलता येतात. मात्र हे डॉक्टरांनीच ठरवायचे, शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून नव्हे. शिवाय चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, ऋतू बदलतो, आजारही तोच राहत नाही. म्हणून गेल्या वर्षीचे वेळापत्रक यंदा चालेलच असे नाही. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, इन्सुलिनच्या इंजेक्शननेही नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण दिवसभर साखर तपासतच नाहीत. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरी रोजा त्याच क्षणी सोडायचा असतो.

काहींनी मात्र रोजा धरूच नये. डायलिसिसवर असलेले, नुकतीच साखर घसरून बेशुद्ध पडलेले, इन्सुलिनवर असलेल्या गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत डॉक्टरांनी धोका स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. श्रद्धेचा मान राखायचा म्हणून गप्प राहणे हा मान नव्हे. आणि इथे श्रद्धा डॉक्टरांच्या विरोधात उभी नसते. कुरआनच्या सूरह बकरामध्ये जिथे रोज्यांचा हुकूम आहे, तिथेच, आयत १८४ आणि १८५ मध्ये, आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे. बरे होणाऱ्याने सुटलेले रोजे नंतर पुरे करावेत, आणि बरे होण्याची आशा नसलेल्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण द्यावे, हाच फिदिया. ही सवलत दीनचाच भाग आहे. जुम्म्याच्या बयानात मौलानांनी ती समजावून सांगितली, तर डॉक्टरांचे अर्धे काम हलके होईल.

शेवटचा निर्णय रुग्णाचा. दवाखान्यात बरेचदा अम्मींना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलगाच देतो आणि खरी गोष्ट तिथेच झाकली जाते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहून विचारावे, ‘यंदा रोजे धरायचे मनात आहे का? किती?’ आणि उत्तर ऐकून रागावू नये. रागावले नाही, तरच पुढच्या वेळी खरे उत्तर मिळते. घरच्यांचीही जबाबदारी आहे. ‘चाची रोज्याने नाही वाटतं?’ असे एखाद्या पाहुण्याचे सहज वाक्य आजारी बाईला दुसऱ्या दिवशी उपाशी ठेवायला पुरते.

हा प्रश्न एकाच मोहल्ल्याचा नाही. एकादशीला गोळी चुकवणारे आजोबा, नऊ दिवसांच्या नवरात्रात इन्सुलिन आपल्या मनाने कमी करणाऱ्या काकू, पर्युषणात अठाई करणारी जैन आजी हे सगळे याच गावात, त्याच दवाखान्याच्या बाकावर बसलेले असतात. उपवासाला चालते म्हणून पोटभर खाल्लेली साबुदाण्याची खिचडी साखर किती चढवते, हेही त्यांना फारसे कोणी सांगत नाही. ‘उपवास करता का?’ हा एक प्रश्न केसपेपरवर आला, तर त्याचा फायदा सगळ्यांनाच होईल.

यंदाचा रमजान सुरू झाला असला तरी उशीर झालेला नाही. आज इफ्तारनंतर घरातल्या मोठ्यांना विचारावे, दिवसा कसे वाटते, गोळी कधी घेता. उद्या त्यांच्यासोबत दवाखान्यात जावे. आणि ज्यांना रोजा झेपणार नाही, त्यांच्यासाठी संध्याकाळी दस्तरखानावर सर्वांच्या मधली जागा ठेवावी. फिदियाचे ताट त्यांनीच आपल्या हाताने वाढावे आणि नातवाने ते गरजूच्या घरी पोचवावे. त्या ताटात अम्मींचाही रमजान असतो.