रक्त कमी, की रक्त टिकत नाही?

बाई फिकी दिसली की आमच्याकडे निदान ठरलेलं असतं : 'अंगात रक्त नाही, नीट खात नसशील.' मग लोहाच्या गोळ्या. धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक जणींबाबत हे खरंही असतं. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरेल ते खाणारी, वर्षातले पाच-सहा महिने ऊसतोडीला जाणारी बाई पांढरी पडली, तर नवल काय? पण काही जणींच्या अंगात रक्त तयार होतं, टिकत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये ती १०-२० दिवसांतच फुटते. थॅलेसेमिया याच गोतातला.

अशा बाईचे डोळे पिवळे पडतात, लघवी गडद होते, पाणथरी वाढते. घरचे कावीळ समजून माळ घालतात, झाडपाला देतात. दवाखान्यात गेलं की पुन्हा त्याच गोळ्या. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णाच्या हृदयात, यकृतात आधीच लोह साठत असतं. त्यात आणखी लोह घालणं हा इलाज नव्हे. म्हणून गोळ्या नियमित घेऊनही महिना-दीड महिन्यात हिमोग्लोबिन हललं नाही, तर 'गोळ्या फेकून देत असशील' असं बाईलाच दटावण्याआधी रक्ताची पुढची तपासणी झाली पाहिजे.

निदान झालं की सगळं संपलं, असंही नाही. शरीर स्वतःच्याच पेशींवर उठतं तो प्रकार (हा बायकांमध्ये जास्त) स्टिरॉइडने पुष्कळदा आटोक्यात येतो. सिकलसेलच्या वेदना हायड्रॉक्सियुरियाने कमी होतात. त्या बाईला बाळंतपण जोखमीचं असतं, अशक्य नव्हे. मात्र मूल हवं असेल तर हे औषध डॉक्टरांशी बोलून आधी थांबवावं लागतं, हे तिला कुणी सांगत नाही.

माझा खरा राग आहे तो दोष देण्यावर. आजारी मूल झालं की 'हिच्या माहेरचं रक्त खराब'. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी होतं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला ही शक्यता चारात एक. शिवाय मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची हौस! नात्यात लग्न झालं की तोच दोष दोघांत असण्याची शक्यता वाढते. तिथे कुणी मामाला विचारत नाही.

२०२३ साली केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. भर आदिवासी भागांवर आहे. तपासलेल्यांना कार्डं मिळतात. कल्पना चांगली, पण स्थळ बघताना कार्ड कुणाचं मागितलं जाईल? मुलीचंच. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे गावात पोचण्याआधी कार्ड पोचलं तर मुली नाकारायला आणखी एक कारण मिळेल. माझं म्हणणं, आधी मुलाची तपासणी करा. तो वाहक नसेल, तर या आजाराच्या नावाने मुलीला नाकारायला जागाच उरत नाही.

१९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने अशा रक्तदोषांसाठी गर्भाची तपासणी करायला मुभा ठेवली आहे. लिंग सांगायला नाही. तपासणी करायची का, पुढे काय करायचं, हे त्या बाईने ठरवायचं. त्यासाठी वेळ हाताशी लागतो. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. गरोदर बाईचं आणि तिच्या नवऱ्याचं रक्त त्याआधी तपासलं जावं, आणि अहवालाचा कागद तिच्या पिशवीत असावा, सासूच्या ट्रंकेत नव्हे.