शिकवणाऱ्या मुलीच्या हातावर काय?

"फावल्या वेळात शिकवते ना, मग त्याचे कसले पैसे?" हे वाक्य आपल्या सुरतेत मी कॉलेजाबद्दलही ऐकलंय आणि पाठशाळेबद्दलही. एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या मुली धाकट्या वर्गांचे तास घेतात, पेपर तपासतात, रविवारी मंदिरात पोरांकडून भक्तामर पाठ करून घेतात. नाव होतं प्राध्यापकांचं नाहीतर ट्रस्टींचं. मुलीच्या हातात श्रीफळ.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवणं आपल्याकडे जुनंच. 1789 साली मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्र्यू बेल नावाचे पाद्री आले. देशी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि आपल्या शाळेतही मोठ्यांकडून धाकट्यांना शिकवून घेतलं. इंग्लंडात ही पद्धत झपाट्याने पसरली, कारण ती स्वस्त पडायची. एका मास्तराच्या पगारात शेकडो मुलं!

आपल्या मुलखात दुसरी वाटही होती. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून पुढे इंग्रज सरकारने 'दक्षिणा फेलो' नेमले. त्यांनी स्वतः शिकायचं, कॉलेजात शिकवायचं आणि दरमहा पैसे घ्यायचे. 1862 साली मुंबई विद्यापीठातून बी.ए. झालेले न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो. पैसे घेतले म्हणून त्यांची विद्या काही बाटली नाही. त्या काळी त्यांच्यात बाई मात्र एकही नव्हती.

आजही गेट देऊन एम.टेक. करणाऱ्याला सरकार महिन्याला 12,400 रुपये देतं आणि आठवड्याला 8 तास शिकवण्याच्या कामात मदत घेतं. म्हणजे या कामाला मोल आहे, हे सरकारला कळतं. मग आमच्या आर्ट्सच्या मुलींचीच सेवा कशी होते?

काही बेन म्हणतील, ज्ञानदानाचे पैसे घेणं पाप. बरं, आहार, औषध, ज्ञान, अभय ही चार दानं आपण मानतो. आहारदानाचं धान्य आपण दुकानातून फुकट उचलून आणतो का? दान देणाऱ्याने आपल्या पदरचं द्यावं. मुलीची संध्याकाळ खर्चून समाजाने दानी म्हणवून घेऊ नये. पर्वात आपल्या बोल्या लाखांवर जातात. त्यातली एक बोली या मुलींच्या मानधनासाठी ठेवायला काय हरकत आहे?

मैत्रिणींनो, पुढच्या मीटिंगला हिशेबाची वही मागा. शिकवणाऱ्या मुलींच्या नावापुढे किती रक्कम लिहिलीय, ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा.