रात्रपाळी जमेल का, ताई?

नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलीला सल्ले देणारे पायलीला पन्नास. लग्नाचं विचारलं तर हसून विषय बदल. रात्रपाळीचं विचारलं तर घरच्यांचा पाठिंबा आहे म्हण. समोरच्या खुर्चीतल्या साहेबाला मात्र कुणी कधी काही शिकवत नाही.

समजा, पळसदरीची एक डिप्लोमावाली पोरगी खोपोलीकडच्या एखाद्या कारखान्यात मेंटेनन्सच्या जागेसाठी गेली. तिच्या आधीच्या मुलाला विचारलं, मोटर सारखी ट्रिप होतेय, आधी काय बघशील? तिला विचारलं, रात्री घरून सोडतील का? त्याला निदान चुकायची तरी संधी मिळाली. तिला उत्तर येत होतं, पण प्रश्नच आला नाही. आणि वर शेरा काय, तर ‘तांत्रिक ज्ञान कमी’!

याच पळसदरीच्या पुढे बोरघाट चढू लागतो. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. ८ मार्च २०११ रोजी सुरेखा यादव पुण्याहून डेक्कन क्वीन चालवत हा घाट उतरल्या. साताऱ्याच्या, इलेक्ट्रिकल डिप्लोमावाल्या. १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून वंदे भारत मुंबईला आणली, तीही इथूनच. तरी ‘बायकांना मशीन झेपत नाही’ म्हणणारे त्याच रुळांवरून लोकलने कामाला जातात.

१९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं चक्क छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, जेआरडींना पोस्टकार्ड धाडलं. मग पुण्यात मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली. छापलेल्यावर बोट तरी ठेवता येत होतं. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीतल्या भेदभावालाही मनाई केली. तेव्हापासून तो छापत नाहीत, ‘ताई’ म्हणत विचारतात.

‘हे मुलांनाही विचारता का?’ असं तिनं उलट विचारावं म्हणणं सोपं आहे. नोकरी तिला हवी असते, आपल्याला नाही. म्हणून काम साहेबांचं. प्रश्न आधी लिहा, सगळ्यांना तेच विचारा. प्रत्येकानं आपापल्या कागदावर गुण टाकावेत, चर्चा नंतर. रात्रपाळी असेल तर महिन्याला किती, ते सगळ्यांना सांगा आणि जमेल का हे मुलालाही विचारा. त्याच्याही घरी आजारी आई असू शकते.

‘आम्ही काळजीपोटी विचारतो हो.’ मग पाळी सुटल्यावर पळसदरीपर्यंत सोडणारी गाडी ठेवा की!