लक्ष्मीपूजनाच्या वहीवर तिचेही नाव असावे

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी चौरंगावर लक्ष्मीची प्रतिमा मांडली जाते. शेजारी नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे आणि व्यापाऱ्याच्या घरी नवी वही. त्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखून 'श्री' लिहिण्यात येते. पूजेची सारी सिद्धता घरातील स्त्री करते. परंतु वही ज्या धंद्याची, त्याच्या मालकीत तिचे नाव क्वचितच आढळते. संपत्तीची देवता स्त्रीरूपात पूजणाऱ्या समाजाने या विसंगतीचा विचार आजच करावा, असे आम्हांस वाटते.

धंद्यात नवे काही करून पाहण्याची धडाडी पुरुषाची आणि चालत आले ते सांभाळणे स्त्रीचे, असा समज आपल्याकडे दृढ आहे. पापड-लोणची आणि शिवणकाम यांत नवे ते काय, असे विचारले जाते. आमच्या मते हा दोष दृष्टीचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर घडविला. हे नवेपण डोळ्यांना दिसते, हातांना लागते. कामाच्या मांडणीतील नवेपण असे सहज दिसत नाही.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन एका गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. पापड जुनाच होता. पुढे त्यातून जी व्यवस्था उभी राहिली, ती नवी होती. सकाळी केंद्रावरून तयार पीठ न्यावयाचे, संसार सांभाळून घरीच पापड लाटावयाचे, दुसऱ्या दिवशी ते पोहोचते करून मोबदला घ्यावयाचा. आणि लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक. आज 'लिज्जत'च्या भगिनी चाळीस हजारांहून अधिक आहेत. संस्थापिकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली 'पद्मश्री' जाहीर झाली.

सातारा जिल्ह्यातील दुष्काळी म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. त्या लिहिण्या-वाचण्यास शिकल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. रोजगार बुडवून बँकेत येणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या दारी बँकच जाऊ लागली. हेही नवनिर्माणच आहे. मात्र यंत्रे आणि पेटंटे मोजणाऱ्यांच्या हिशेबात ते येत नाही.

तरीही एक अंतर खरे आहे आणि ते झाकून ठेवणे योग्य नव्हे. नव्या यंत्रास भांडवल लागते, भांडवलास तारण लागते, आणि तारण ठेवावयाचे घर वा शेत बहुधा पुरुषाच्या नावे असते. स्त्रिया जोखीम घेण्यास कचरतात, असे म्हणतात. जिच्या नावे काही नाही, ती जपून पाऊल टाकते. यात स्वभावाचा दोष कोणता? महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा सुधारून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. परंतु भाऊबीजेला ज्या बहिणीच्या ताटात ओवाळणी घालतो, तिच्याकडूनच हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ अद्याप पुष्कळ आहेत. माहेर तुटेल या भयाने ती सही करते. तिच्या संभाव्य धंद्याचे भांडवल त्याच क्षणी नाहीसे होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. यंदा वहीवर 'श्री' लिहून झाल्यावर घरात एवढेच विचारावे की दुकानाच्या भागीदारीपत्रात, बँकेच्या खात्यात, सातबाऱ्यावर पत्नीचे, मुलीचे, सुनेचे नाव आहे काय? नसल्यास दिवाळी सरताच ते लावून घ्यावे. आणि यंदाच्या भाऊबीजेला बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवू नये.